फटनिरीक्षक

घरात नवी फरशी बसल्यावर दाराच्या चौकटीच्या पायाशी जी फट राहते, तिच्या देखरेखीसाठी त्याच घरातला जो गृहस्थ आपण होऊन पुढे येतो, त्याला फटनिरीक्षक म्हणावे. या पदाला अर्ज लागत नाही, पगार नसतो आणि निवृत्तीचे वयही नसते. उलट बहुतेक फटनिरीक्षक एका नोकरीतून निवृत्त झाल्यावरच इथे रुजू होतात. बँकेतले हिशेबतपासनीस, मोजणी खात्यातले अधिकारी, कारखान्यात मालाची तपासणी केलेले सुपरवायझर आणि तीस वर्षे भूमिती शिकवलेले मास्तर यांच्यात ही जात विशेष आढळते. दुसऱ्याच्या कामातली उणीव काढण्याची सवय अंगी मुरलेली असते आणि पेन्शन सुरू झाली की उणिवांचा पुरवठा एकाएकी बंद पडतो. फरशीचे काम तो पुन्हा सुरू करून देते.

फटनिरीक्षकाची वस्ती पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांतल्या जुन्या सोसायट्यांत आहे. १९८०-९० च्या सुमारास बांधलेल्या या इमारतींत मूळची फरशी मोझेकची असते, आणि मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की ती अचानक जुनाट दिसू लागते. मग ती फोडून दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स घालायचे ठरते. तुळशीचे लग्न लागल्यापासून मेअखेरपर्यंत या कामांचा हंगाम चालतो. सोसायटीच्या सूचनाफलकावर 'दुपारी दोन ते चार ठोकाठोक करू नये' अशी चिठ्ठी लागली, की त्या इमारतीत एक फटनिरीक्षक लवकरच उदयाला येणार असे समजावे.

फट कशी जन्माला येते, हे त्याला पाठ असते आणि ते खरेही असते. इमारत बांधताना आधी चौकट उभी राहते, फरशी मागून येते. त्यामुळे चौकटीचे दोन्ही पाय फरशीच्या थरात रुतलेले असतात. मोझेकची लादी साधारण २० ते २५ मिलिमीटर जाड, आणि तिच्याखाली मसाल्याचा थर. ती फोडणारे मशीन चौकटीजवळ पोचले, की लादीबरोबर पायाखालचा मसालाही उखडून निघतो आणि चौकट अधांतरी राहते. नवी टाइल जेमतेम ८ ते १० मिलिमीटरची. खालचा मसाला नीट भरून लेव्हल पूर्वीइतकी आणली नाही, तर जुन्या आणि नव्या जाडीतला फरक चौकटीच्या पायाखाली उघडा पडतो. त्यातच कारागीर टाइल चौकटीच्या आकाराने कापतो ती ग्राइंडरने. ग्राइंडरची चकती गोल आणि चौकटीचा कोपरा काटकोनी, त्यामुळे आतला कोन साधण्यासाठी काप थोडा पुढे जातो. अशा रीतीने एक फट लाकडाखाली आणि दुसरी लाकडाशेजारी, अशी जोडी तयार होते.

जुनी लादी न फोडता टाइलवर टाइल घातली, तर चौकटीखालची फट टळते. पण मग फरशी १२ ते १५ मिलिमीटरने वर येते, दार जमिनीला घासू लागते आणि सुताराला दार उतरवून खालून कापावे लागते. तो हिशेबाने कापत नाही, दयाळूपणाने कापतो. त्यामुळे फट चौकटीखालून दाराखाली स्थलांतर करते आणि निरीक्षकाचे कार्यक्षेत्र रुंदावते.

फट दिसताच ती कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. फरशीवाला म्हणतो, लाकूड सुताराचे. सुतार म्हणतो, लाकूड होते तसेच आहे, जमीन खाली गेली ती फरशीवाल्याची. रंगारी म्हणतो, मी असलेल्या वस्तूला रंग देतो, नसलेल्या वस्तूला नाही. तिघांची कोटेशने पाहिली तर तिघेही बरोबर असतात, कारण चौकटीचा पाय एकाही कोटेशनात नसतो. या बेवारस मुलखाचा ताबा शेवटी फटनिरीक्षक घेतो.

त्याची साधनसामग्री माफक असते: मोबाइलची बॅटरी, मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड, जुने जाड पाच रुपयांचे नाणे, आणि मागच्या वर्षीची डायरी. निरीक्षण जमिनीवर पालथे पडूनच करावे लागते. गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारा गृहस्थ फटीसमोर मात्र साष्टांग घालतो, हे घरच्यांना खुपते. डायरीत प्रत्येक दाराची नोंद असते: 'हॉल, डावा पाय, कार्ड जाते. बेडरूम, उजवा पाय, नाणे जाते. स्वयंपाकघर, नाणे गेले, परत आले नाही.'

या नोंदींतून त्याने फटींचे तीन वर्ग पाडलेले असतात. जिच्यात फक्त कार्ड शिरते ती कार्डफट, एक-दोन मिलिमीटरची. जिच्यात नाणे शिरते ती नाणेफट, तीनपासून सहा-सात मिलिमीटरपर्यंत. करंगळी शिरते ती करंगळीफट, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी. कार्डफटीबद्दल तो नाराजी व्यक्त करतो, नाणेफटीबद्दल फोन करतो आणि करंगळीफटीसाठी शेजाऱ्यांना बोलावतो.

शेजाऱ्यांपैकी एक जण हमखास सांगतो, की चौकट लोंबकळते आहे, एक दिवस खाली येणार. हे खरे नाही. चौकट पायावर उभी नसते. भिंतीत पुरलेल्या लोखंडी होल्डफास्टनी ती दोन्ही बाजूंनी धरलेली असते. पायाखाली बोटभर पोकळी असली तरी चौकट जागची हलत नाही. फटनिरीक्षकाला हे ठाऊक असते, पण तो ते लगेच सांगत नाही. आधी शेजाऱ्याला पुरता घाबरू देतो, मग होल्डफास्ट समजावतो.

फटीचा खरा धोका वेगळा आहे. झाडाचे पाणी ज्या नळ्यांतून वर चढते, त्या नळ्यांची तोंडे लाकडाच्या कापलेल्या टोकाशी उघडी असतात. चौकटीचा पाय म्हणजे असेच उघडे टोक. रोज फरशी पुसताना पाणी फटीत जाते आणि ते टोक ते शोषून घेते. काही पावसाळ्यांनी पाय काळा पडतो, मऊ होतो आणि वाळवीला पत्ता मिळतो. झुरळांना तर फारशी जागाही लागत नाही. अमेरिकेत बर्कली इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की मोठे झुरळ अंग चपटे करून सुमारे ३ मिलिमीटरच्या फटीतून पार होते. ही माहिती मुलाने फॉरवर्ड केल्यापासून नाणेफटीचा दर्जा डायरीत वाढवण्यात आलेला असतो. घरातल्या बाईंना मात्र संशोधनाची गरज पडलेली नसते. मुंग्यांची रांग कुठून येते, हे त्यांनी केर काढताना पहिल्याच आठवड्यात पाहिलेले असते आणि सांगितलेलेही असते. तेव्हा ते कोणी ऐकलेले नसते.

फटनिरीक्षक आणि मिस्त्री यांच्यातला व्यवहार हा या पदाचा गाभा आहे. टाइल्स बसवणारे कारागीर पुष्कळदा राजस्थानचे किंवा उत्तर प्रदेशचे असतात. त्यामुळे तक्रार मराठीत सुरू होते, हिंदीत शिरते आणि हातवाऱ्यांत संपते. "अहो मिस्त्री, ये देखो, इसमें मेरी करंगळी जाती है." मिस्त्री खाली न वाकता पाहतो आणि उत्तर देतो, "अंकल, व्हाइट सिमेंट मार देंगे, दिखेगा नहीं." इथे दोघांचे तत्त्वज्ञान वेगळे होते. मिस्त्रीच्या मते न दिसणारी फट नसतेच. निरीक्षकाच्या मते न दिसणारी फट सर्वांत घातक.

या वादात निरीक्षकाची बाजू बळकट आहे. पांढरे सिमेंट वाळताना आकसते आणि लाकडाला धड चिकटत नाही. दार रोज आपटते, लाकूड ऋतूप्रमाणे हलते, सिमेंट हलत नाही. काही महिन्यांत त्याचे तुकडे सुटतात आणि केरात निघतात. निरीक्षक ते एका पाकिटात तारीख घालून ठेवतो. मिस्त्रीचा दुसरा बचाव असा, की पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि फट आपोआप भरेल. तोही टिकत नाही. लाकूड फुगते ते तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने ते जवळपास वाढतच नाही, आणि चौकटीतले तंतू वरून खाली उभे धावतात. म्हणून जुलैत दार चौकटीत घट्ट अडकते आणि पायाखालची फट जशीच्या तशी राहते. आतल्या खोलीत अडकलेले नातेवाईक दार ढकलत असताना बाहेरून हे तंतूंचे शास्त्र ऐकतात.

दुरुस्तीची योग्य रीत निरीक्षकाने व्हिडिओ पाहून आत्मसात केलेली असते आणि ती पुढीलप्रमाणे आहे. आधी फटीतला मसाला, धूळ आणि नाणी काढून जागा पूर्ण वाळू द्यावी. लाकूड कुजले असेल तर टणक भाग लागेपर्यंत कापून टाकावे. उघड्या टोकाला प्रायमर किंवा सीलर द्यावा, म्हणजे ते पाणी पिणार नाही. कार्डफटीला सिलिकॉन सीलंट पुरतो. मात्र रंग द्यायचा असेल तर रंग धरणारा अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्यावा, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. संगमरवराजवळ व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळून न्यूट्रल प्रकारचे वापरावे, नाहीतर दगडावर डाग पडतात. नाणेफटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर सीलंट भरावा. दोरीमुळे सीलंट फक्त समोरासमोरच्या दोन बाजूंना चिकटतो आणि लाकूड हलले तरी ताणला जातो, फाटत नाही. करंगळीफटीला सीलंट भरणे म्हणजे नुसती उधळपट्टी. तिथे त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा मापाने कापून, इपॉक्सी लावून, पाचर मारून बसवावा. बाथरूमच्या दाराशी लाकडाऐवजी ग्रॅनाइटचा तुकडा बरा. लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल हे सुतारांचे आवडते मिश्रण बैठकीच्या खोलीत चालते. जिथे रोज पाणी पडते तिथे साधा गोंद मऊ पडतो.

ही सगळी रीत ठाऊक असूनही फटनिरीक्षक स्वतः फट बुजवत नाही. सीलंटची नळी त्याने आणलेली असते, गनही आणलेली असते. पण फट बुजली तर मिस्त्रीचे राखून ठेवलेले शेवटचे दोन हजार द्यावे लागतील, ही एक अडचण. आणि बुजलेल्या फटीचे निरीक्षण करता येत नाही, ही दुसरी. मिस्त्रीही ते दोन हजार मागायला येत नाही, कारण आला तर वाकून पाहावे लागेल. दोघांमध्ये 'कल आता हूँ' या बोलीवर शांतता नांदते.

सत्यनारायणाच्या दिवशी या पदाचा मान सर्वांत मोठा असतो. पाहुणे नव्या टाइल्सची तारीफ करू लागतात, तोच यजमान त्यांना बेडरूमच्या दाराशी नेऊन वाकायला सांगतो. प्रसादाची वाटी हातात धरून वाकलेले चार-पाच पाहुणे फट पाहतात आणि आदराने "हं" म्हणतात. फरशीला किती खर्च आला, हे त्या घरात कोणी विचारत नाही. विचारले तर यजमान टाइलचा भाव सांगण्याआधी फटीचा इतिहास सांगतो. अमेरिकेतला मुलगा व्हिडिओ कॉलवर असेल तर फोनही फटीशी टेकवला जातो. मुलगा सांगतो, की इकडे चौकट आधी खालून कापतात आणि मग फरशी तिच्याखाली सरकवतात. हे ऐकून वडील क्षणभर गप्प होतात, कारण यात निरीक्षकाला कामच उरत नाही.

मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि त्यासाठी अमेरिकेला जायचीही गरज नाही. कापण्याआधी नव्या टाइलचा तुकडा, खालच्या मसाल्याच्या किंवा चिकटवणीच्या जाडीसह, चौकटीला टेकवून ठेवायचा, त्यावर करवत आडवी टेकवून चौकटीचा पाय कापायचा आणि टाइल त्याखाली सरकवायची. टाइलची कापलेली कड लाकडाखाली लपते आणि उरते ती केसाएवढी रेघ. आपला कोणताही सुतार हे तासाभरात करू शकतो. तो करत नाही, कारण फरशी फुटते त्या दिवशी त्याला कोणी बोलावलेले नसते. तो येतो फर्निचरच्या वेळी, टाइल्स बसून महिना झाल्यावर.

फटनिरीक्षक स्वभावाने वाईट नसतो. त्याच्या देखरेखीमुळे इमारतीतल्या पुढच्या घरांत काम थोडे बरे होते आणि मिस्त्री त्या जिन्यावरून जाताना आवाज खाली आणतात. पण ज्यांना आपल्या घरात हे पद निर्माण होऊ द्यायचे नाही, त्यांनी पहिली लादी फुटण्याआधी सुतार आणि फरशीवाला यांना एकाच सकाळी घरी बोलवावे, दोघांना एकेक कप चहा द्यावा आणि चौकटीचा पाय कोण कापणार व कोण भरणार, ते कोटेशनात एका ओळीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.