संकल्पवहिनी

बेल्यात थंडी आणि कापूस एकदमच भरात येतात, आणि त्याच सुमारास आमच्या वहिनींचे संकल्पही. त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, दर चार घरांआड अशी एक वहिनी सापडतेच. दोन लेकरं, एक सासू, एक नवरा, डाक्रा बचत गटाचा हिशेब आणि पाच-सहा एकरांचा कापूस, एवढा पसारा सांभाळून उरलेल्या वेळात स्वतःला सुधारायचं, असं जिनं मनावर घेतलंय, ती संकल्पवहिनी.

31 डिसेंबरच्या रात्री ती अंगणात हातभर लांबीच्या पाकळ्यांची रंगीत रांगोळी काढते आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘हॅपी न्यू इयर’ लिहिते. ही चाल तेलंगणाची. रांगोळी रात्रीच उरकायची, कारण आदिलाबादची जानेवारीतली पहाट म्हणजे राज्यातल्या सगळ्यात गारठलेल्या पहाटांपैकी एक. पारा दहाच्या खाली सहज उतरतो. ‘रोज पाचला उठणार’ हा पहिला संकल्प म्हणूनच पहिल्याच सकाळी गोधडीत विरघळतो. वहिनींना त्याचं वाईट वाटत नाही. तो संकल्प त्यांच्या मते बोहनीचा असतो.

खरे संकल्प तीन. घर आवरणं, पुस्तकं वाचणं आणि कपाट रिकामं करणं. यातला घराचा संकल्प सगळ्यात हिमतीचा, कारण तो जानेवारीत केलेला असतो आणि जानेवारीत घरात कापूस असतो.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. इथे पहिला वेचा निघतो, दुसरा निघतो, मग उशिराचं पीक, म्हणजे फरदड. आणि भाव मनासारखा नसला की कापूस घरात येतो. आधी मागच्या खोलीत, मग बैठकीत. 2022 साली क्विंटलच्या भावानं 10,000 चा आकडा ओलांडला होता. तो आकडा या भागातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोक्यात कायमचा जाऊन बसला आहे. 2025-26 ला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये ठरला, तरी वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, म्हणतात, “थांब न जरा, चढते.” आणि हमीभावानं द्यायचा म्हटलं तरी कापूस सुकलेला हवा. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस खरेदी संस्था, भाव कापते आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. म्हणून कापूस बैठकीतच, वाळत.

अशा बैठकीत वहिनी मोबाइलवर जपानी पद्धतीनं घर आवरण्याचा व्हिडिओ बघतात. ती मारी कोन्डो नावाची बाई, जिचं पुस्तक 2011 च्या सुमारास जपानात निघालं आणि मग जगभर गेलं, ती सांगते की प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, हिच्यानं आनंद होतो का? होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. वहिनींनी मूठभर कापूस हातात घेऊन विचारलं. आनंद झाला नाही, अंगाला खाज सुटली. निरोप द्यायचा विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, “लक्ष्मी हाय ते. तिले बाहेर काढाची गोठ करतं काय?”

पुढे 2023 मध्ये त्याच कोन्डोबाईंनी जाहीर सांगून टाकलं की तिसरं लेकरू झाल्यापासून घर नीटनेटकं ठेवण्याचा नाद आपण बराचसा सोडलाय. ही बातमी कळली तेव्हा वहिनी इतक्या खूश झाल्या की घरात कुणाचा निकाल लागला की काय असं शेजारणीला वाटलं. “मले दोन लेकरांतच समजलं व्हतं,” त्या म्हणाल्या. मला तर वाटतं, जपानला हे कळायला थोडा उशीरच झाला.

वाचनाचा संकल्प ‘महिन्याला एक पुस्तक’ असा आहे. माहेराहून आणलेली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ उशाशी असते, आत लाइट बिलाची खूण. ही कादंबरी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडून चालते. आधी कर्ण बोलतो, मग कुंती. वहिनी कुंतीपर्यंत पोचल्या आहेत. दरवर्षी पोचतात. पण कुंती आपलं दुःख सांगायला लागली की नेमकं घरातलं धाकटं उठतं, मोठ्याचा डबा राहिलेला असतो, किंवा वेचणाऱ्या बाया मजुरीसाठी दारात उभ्या असतात. पुढच्या जानेवारीत पुन्हा कर्णापासून सुरुवात. कर्णाच्या रथाचं चाक रुतेपर्यंत वहिनी अजून गेलेल्या नाहीत. त्यांचं स्वतःचंच अलीकडे रुतलेलं असतं.

म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. भिंतीवर कालनिर्णय आहे. 1973 पासून निघणारं हे कॅलेंडर महिन्याच्या पानामागे लेख छापतं. पोळ्या लाटताना एक पान वाचून होतं. बारा महिने, बारा पानं. संकल्प पुरा! यावर हसणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही गेल्या वर्षी काय वाचलंत?

शिवाय एक वाचन असं आहे, जे त्यांनी यादीत कधीच लिहिलं नाही. घरात बोली मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात तेलुगू, असा इथला कारभार. 2018 च्या कायद्यानं तेलंगणातल्या सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची झाली. पोरगा तेलुगूचं पुस्तक घेऊन बसला की आईला बाजूला बसावं लागतं. अक्षरं ओळखता यावीत म्हणून वहिनींनी पोराकडूनच धडे घेतले. आता शाळेच्या डायरीतली मॅडमची सूचना त्या स्वतः वाचतात, चुका पकडतात आणि पोरगा रडतो. वर्षात एक नवी लिपी शिकणं हा कुणाच्याही यादीतला मोठा संकल्प ठरला असता. वहिनींच्या हिशेबी ते नुसतं होमवर्क.

आता कपाट. इथे मला थांबावं लागेल, कारण कपाटात वहिनींचं सगळं राजकारण आहे.

वरचा कप्पा लग्नातल्या साड्यांचा, त्याला हात लावायचा नाही. मधल्यात रोजच्या. त्यांच्यामागे सरकारच्या बतुकम्मा साड्या, 2017 पासून काही वर्षं दसऱ्याच्या सुमारास वाटलेल्या. त्या नेसायच्याही नाहीत आणि द्यायच्याही नाहीत, असा त्यांचा दर्जा. खालचा कप्पा आहेराचा. ‘पन्नास साड्यांच्या पंचवीस करणार’ हा संकल्प या खालच्या कप्प्यासमोर येऊन गार पडतो. कारण आहेराची साडी कुणाची नसते. ती फिरत असते.

वहिनींनी एकदा एका जांभळ्या साडीच्या ब्लाउजपीसला आतून निळ्या धाग्याचा एक टाका घातला आणि ती पाटणबोरीच्या लग्नात नणंदेच्या जावेला दिली. साडी पुढे पांढरकवड्याला गेली, तिथून वणीला, आणि तीन वर्षांनी संक्रांतीच्या दिवसांत गडचांदूरच्या मामींकडून वहिनींच्याच घरी आली. घडी तीच, टाका तोच, फक्त पिशवी नवी. मामींनी वर सांगितलं, “खास तुह्यासाठी निवडली.” वहिनींनी ती जपून खालच्या कप्प्यात ठेवली. चार गावं फिरून आलेल्या साडीला निरोप देण्याची हिंमत कोन्डोबाईलाही झाली नसती.

मग संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू. काळी साडी नवी लागते, वाण आणावं लागतं, आणि पंचवीसवर यायचा आकडा चौपन्नावर जातो. त्यातच पौषाची अमावास्या येते, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेकडे निघालेल्या गाड्या रस्त्यानं दिसू लागतात, आणि जानेवारी संपल्याचं सगळ्यांच्या लक्षात येतं.

वहिनी मात्र खचत नाहीत. त्यांच्याकडे वर्षाला पुष्कळ नवी वर्षं आहेत. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, म्हणजे दुहेरी मुहूर्त. जूनमध्ये शाळा उघडते, ते आणखी एक. दिवाळीचा पाडवा राहतोच. प्रत्येक वेळी जुनी वही, नवं पान, तेच तीन संकल्प.

भाऊंनी मात्र आजवर एकही संकल्प केलेला नाही, म्हणून त्यांचा एकही मोडलेला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. त्यांचा कापूस अजून बैठकीत आहे. तो विकला की वहिनींचा घर आवरण्याचा संकल्प आपोआप पुरा होईल, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं. मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, “चढते न भाव.”

तुम्हाला एवढीच विनंती: या बाजूच्या एखाद्या लग्नात तुम्हाला आहेरात जांभळी साडी मिळाली, तर ब्लाउजपीस उलटून बघा. निळा टाका दिसला तर ती पुढे देऊ नका. सरळ नेसून टाका.