गोल्फ रिसॉर्टचा प्रांजळ अभिप्राय कसा द्यावा

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्याला गोल्फ क्लब नावाचे मैदान आहे. तिथे सकाळी माणसे चालतात, पोरे क्रिकेट शिकतात, रणजीचे सामने होतात (2025 च्या जानेवारीत महाराष्ट्र आणि बडोदा तिथेच खेळले), निवडणुकीत सभा होतात आणि एरवी मोर्चे जमतात. गोल्फ तेवढा कोणी खेळत नाही. साहेब लोक खेळत असत. ते जाताना काठ्या घेऊन गेले आणि नाव इथेच विसरले. कागदोपत्री हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. 21 डिसेंबर 1909 ला कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग लावला होता, त्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनला कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या आणि पुढच्या एप्रिलात ते ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आज फलकावर हुतात्म्याचे नाव आहे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी साहेबांचा खेळ. गोल्फ रिसॉर्टमध्ये मुक्कामाला निघालेल्या प्रत्येकाने आधी या मैदानाला एक फेरी मारावी. गोल्फ संपला तरी गोल्फचे नाव वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू शकते, हा पहिला धडा तिथे मिळतो.

प्रस्तुत मार्गदर्शन गोल्फ खेळणाऱ्यांसाठी नाही. त्यांना मत नसते, हँडिकॅप असतो. हे आहे ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, कंपनीच्या खर्चाने किंवा जावयाच्या आग्रहाला बळी पडून दोन रात्री राहायला जाणाऱ्यांसाठी. त्यांनी तिथल्या बर्डी, ईगल, बोगी या शब्दांना घाबरू नये. विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजत होतो तेव्हा तरी आपल्याला तेलुगू कुठे येत होते? खरी अडचण निघताना येते. हाती एक कागद किंवा फोनवर एक दुवा मिळतो, त्यात पाच चांदण्या असतात आणि खाली ‘आपला प्रांजळ अभिप्राय’ मागितलेला असतो. असा अभिप्राय लिहिण्याची आपल्याकडची रीत ठरून गेली आहे. आधी न्याहारीत किती प्रकार होते ते, मग टॉवेल, मग गरम पाणी, मग ‘स्टाफ फार नम्र’, आणि लिहिणारा निःपक्षपाती वाटावा म्हणून शेवटी एक तक्रार: डोशाला रांग होती. गोल्फ कोर्सच्या वाट्याला अर्धे वाक्य येते, ‘परिसर हिरवागार’. प्रांजळपणा नेमका या अर्ध्या वाक्यात घसरतो, कारण आपण पैसे मोजले ते त्या हिरव्याचे.

पटत नसेल तर बिल समोर घ्यावे. खोली एका रात्रीला 12 हजारांची धरू. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीला 18 टक्के जीएसटी लागतो (या साडेसातीला तेल वाहून उपयोग नाही), म्हणजे झाले 14,160. दिवस 24 तासांचा असतो ही समजूत फाटकाबाहेर ठेवावी. आत दुपारी दोनला खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची असते, म्हणजे दिवस 21 तासांचा. तासाला पावणेसातशे रुपये पडले. आठ तास गाढ झोप लागली तर पाच हजार चारशेची झोप झाली. निद्रानाश असणाऱ्यांनी तेवढे वाचले असे मानू नये. आता त्याच इमारतीत, त्याच गादीची आणि त्याच नळाची, पण पार्किंगकडे तोंड असलेली खोली स्वस्त असते आणि ‘गोल्फ व्ह्यू’वाली महाग. दोन्ही खोल्यांत खिडकीपलीकडे काय आहे एवढाच फरक. तेव्हा वरचे पैसे बघण्याचे आहेत, आणि बघायचे काय, तर गवत. अठरा भोकांचा कोर्स सव्वाशे-दीडशे एकर जागा घेतो. एका भोकाचा व्यास 108 मिलिमीटर. अठराही भोके शेजारी शेजारी मांडली तर त्यांचे क्षेत्रफळ जेवायला बसायच्या एका पाटाएवढे भरते. खेळाची जागा पाटभर, बाकी सगळे गवत. मग अभिप्राय डोशावर का द्यावा? किराणा आणायला गेलेला माणूस पिशवीच्या बंदांचे कौतुक करून घरी येत नाही.

म्हणून गवत तपासावे कसे, ते थोडे सविस्तर. माहितीपत्रकात त्याला बर्म्युडा ग्रास म्हटलेले असते. आपल्याकडच्या गरम हवेच्या बहुतेक कोर्सवर तेच असते, निवडलेल्या किंवा संकरित जातीचे. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हे नाव वाचून दबून जाऊ नये, खाली वाकून बघावे. जमिनीलगत सरपटणारी बारीक दांडी, दर बोटभर अंतरावर कांडे, कांड्याला खाली मुळे फुटलेली आणि वर तीन पात्यांचा कोंब. ही हरळी. गणपतीच्या पुढ्यात गेली की दूर्वा. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेच्या बांधावर हिला कोणी नम्र स्टाफ ठेवलेला नाही. तिथे हिला कुदळीने खणतात, तिच्या काशा वेचतात, उन्हात वाळवतात, जाळतात, आणि एवढे करून मातीत एक कांडे राहिले तर पहिल्या पावसात ती पुन्हा हजर. शेतकऱ्याच्या तीन पिढ्या जी काढता काढता थकल्या ती वनस्पती रिसॉर्टवाल्याने मुद्दाम लावली आहे, तिच्यासाठी वाळूचा थर अंथरला आहे, फवारे बसवले आहेत, आणि भोकाभोवतीच्या ग्रीनवर ती रोज तीन-चार मिलिमीटरवर कातरली जाते. कुठल्याच दाढीची इतकी निगा कोणी ठेवत नसेल. हे निरीक्षण मात्र कडेच्या उंच गवतात, म्हणजे रफमध्ये करावे. चपला घालून ग्रीनवर गेलात तर स्टाफच्या नम्रतेचा खरा कस लागतो, आणि तेवढ्यात लांबून ‘फोर!’ अशी आरोळी आली तर ती चौकार नाही; डोके खाली घालावे. लिंबाएवढा, 46 ग्रॅमचा चेंडू आपल्या दिशेने येत असतो.

गवत पाहून झाले की पाणी. इथे कागद-पेन्सिल लागते, पण तिसरीतला गुणाकार पुरतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. उन्हाळ्यात गवताला दिवसाला पाच मिलिमीटर द्यायचे आणि भिजवायचे फक्त 20 हेक्टर, असा हात राखून हिशेब केला तरी रोजचे 10 लाख लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचे माप म्हणून माणशी रोज 135 लिटर धरतात. त्या मापाने हे सुमारे 7,400 माणसांचे पाणी. हा आकडा अभिप्रायात लिहावा, पण तो लिहिण्याआधी व्यवस्थापकाला एक प्रश्न विचारावा: पाणी कुठले? यावर पहिला आक्षेप लगेच येतो, की चांगले कोर्स सांडपाणी शुद्ध करूनच वापरतात. वापरत असतील तर उत्तमच, आणि अभिप्रायात त्यासाठी एक चांदणी खुशाल वाढवावी. मात्र साधी वजाबाकी करून बघावी. शंभर खोल्या, दोनशे पाहुणे, प्रत्येकाने टबात डुंबून माणशी 500 लिटर उडवले तरी सांडपाणी एक लाख लिटर होते. उरलेले नऊ लाख कुठून येतात? बोअर, तळे, टँकर की धरण, हे विचारायला पाहुण्याला संकोच वाटतो. नाशिककराला वाटू नये. गंगापूर धरणात किती पाणी आहे हे इथे माणसे पगाराच्या तारखेसारखे लक्षात ठेवतात. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीला 8.6 टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला तेव्हा आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले. कालव्याचे आवर्तन चार दिवस लांबले तर ज्या जिल्ह्यात चुलत भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबतात, त्या जिल्ह्यातल्या माणसाने हिरव्यागार परिसराला ‘छान’ म्हणून गप्प बसणे हे सभ्यतेचे लक्षण खरे, पण प्रांजळपणाचे खासच नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि तो बहुधा घरातूनच येतो: परवडत नाही म्हणून नावे ठेवता, कोल्ह्याला द्राक्षे आंबट. हा आक्षेप इतरत्र चालेल, नाशिकच्या माणसावर कसा लावता येईल? इथे द्राक्षे आंबट की गोड हे कोल्ह्याच्या मनःस्थितीवर ठरत नाही. मणी चिरडून, थेंब काचेवर घेऊन साखरेचे ब्रिक्स मोजतात. आपण गवताचे ब्रिक्स मोजायला सांगत आहोत, एवढेच. शिवाय आक्षेप घेणाऱ्याचे गृहीतक असे, की ज्याने पैसे भरले तो खूश असतो. अनुभव उलटा सांगतो. ज्याने पैसे भरले त्याला खूश असल्याचे दाखवावे लागते, नाहीतर पैसे का भरले याचे उत्तर घरी द्यावे लागते. रिसॉर्टांना मिळणाऱ्या चांदण्यांतल्या बऱ्याच या भीतीतून उगवतात. कंपनीच्या खर्चाने आलेला पाहुणा त्या मानाने मोकळा असतो. डोशाच्या रांगेची तक्रार तोच करतो.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला थट्टेने उत्तर देता येत नाही. गोल्फमुळे गरिबाच्या पोरांनाही दारे उघडतात. खरे आहे. 1829 साली स्थापन झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळीची निगा राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया पुढे 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला आणि रिओ ऑलिम्पिकलाही गेला. हे उदाहरण मोठे आहे. पण ते काय सिद्ध करते ते नीट बघावे. कोर्सवर वावरणाऱ्या सगळ्यांत ते गवत ज्याला खरे ठाऊक होते, त्याच्या घरातून खेळाडू निघाला. गवताला महत्त्व द्या असेच आम्ही म्हणत आहोत. आणि दुसऱ्या पारड्यात तेरेखोल ठेवावे. गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाला खेटून असलेल्या त्या लहानशा गावात गोल्फ प्रकल्प येणार म्हटल्यावर काजूच्या बागा कसणारी कुळे उभी राहिली आणि वाद न्यायालयात गेला. तिथल्या माणसांनी गवत यायच्या आधीच अभिप्राय दिला. त्यांना कोणी फॉर्म दिला नव्हता आणि चांदण्याही नव्हत्या.

आता प्रत्यक्ष लेखन. भारतीय मानक ब्युरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी 2022 साली आयएस 19000 हे मानक काढले आहे, तेव्हा आपण एका मानकाच्या छायेत लिहीत आहोत याचे भान असावे आणि शुद्धलेखन सांभाळावे. बिलात सेवाशुल्क परस्पर लावलेले दिसले तर ते काढायला सांगावे. तसे लावता येत नाही असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. हे शांतपणे, हसतमुखाने सांगावे. नम्रता एकट्या स्टाफचीच मक्तेदारी नाही. मग पहिले वाक्य गवताचे लिहावे, दुसरे पाण्याचे, तिसरे खिडकीतून प्रत्यक्ष किती माणसे खेळताना दिसली त्याचे, संख्येनिशी. दोन दिवसांत दिसलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील तर बोटे किती ते लिहावे. न्याहारी चौथ्या वाक्यात येऊ द्यावी, आणि मिसळ मिळाली असेल तर तिच्याविषयी मौन पाळावे. नाशिकच्या माणसाने बाहेरच्या मिसळीवर मत दिले की त्याच्या बाकीच्या मतांवरचाही विश्वास उडतो.

एक परीक्षा राहिली, ती निघायच्या दिवशी सकाळी घ्यावी. 2010 साली क्लोरमेक्वाट या औषधाचा अंश सापडला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, आणि तेव्हापासून कुठले औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचे हे इथल्या बागाईतदाराला तोंडपाठ आहे. हिरवळ कोणी खात नाही, त्यामुळे तिच्यावर काय मारले हे पाहुणे कधी विचारत नाहीत. तुम्ही विचारा. स्वागतकक्षात जाऊन म्हणा, घरी गणपती आहे, दूर्वांच्या 21 जुड्या हव्या आहेत, तुमच्याकडे दीडशे एकर आहेत, खुडून नेऊ का? ते बहुधा आनंदाने हो म्हणतील. खुडण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून घ्या, आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे फॉर्मवर उतरवा.