आमचा पेरुजियाकर

अकरा वाजून गेल्यावर आमच्या घरी कोणी कॅपुचिनो मागू नये. चहा मागा, सरबत मागा, मिळेल. पण दुधाची कॉफी ही सकाळची गोष्ट आणि अकरानंतर ती पिणारा एक तर टुरिस्ट नाही तर आजारी, असा आमच्या घरातला कायदा आहे. कायदा करणारा माझा नवरा मूळचा साताऱ्याचा. इटलीत येईपर्यंत हा माणूस रात्री साडेअकरालाही बशीत ओतून चहा प्यायचा आणि वर गाढ झोपायचा.

आता तो पेरुजियाकर आहे. कागदोपत्री नव्हे, कागदोपत्री तो मुदत वाढवून वाढवून राहणारा परदेशी संशोधक आहे. पण बोलणं ऐकाल तर उंब्रियाच्या या राजधानीत तो थेट एट्रुस्कन लोकांबरोबरच राहायला आला असावा असं वाटेल. टेकडीवरच्या या शहराची उत्तरेची वेस इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली. कोणी पाहुणा आला की हा त्याला तिथे नेतो, "ही आमची वेस" म्हणतो आणि घरच्या म्हशीची पाठ थोपटावी तसा तो दगड थोपटतो.

असा नमुना आमच्याच घरी आहे असा गैरसमज नको. उंब्रियात इंग्रज, जर्मन, डच, अमेरिकन अशी बरीच मंडळी जुनी घरं घेऊन राहतात, आणि दर गावात त्यांच्यातला एक तरी गावकऱ्यांहून कडवा गावकरी होऊन बसतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डच गृहस्थ आहेत. त्यांची स्वतःची ऑलिव्हची झाडं आहेत, आमच्याकडे खिडकीत पुदिना. नोव्हेंबरात ते नवं तेल घेऊन येतात तेव्हा नवरा ते चमच्यात घेऊन हुंगतो, खाकरतो आणि यात मोरायोलो जातीची फळं जरा कमीच पडली, असं ऐकवतो. डच गृहस्थ शांतपणे उत्तर देतात, "परवा खाटकाने मला नावाने हाक मारली." त्या रात्री नवरा नीट जेवत नाही.

पेरुजियाचं विद्यापीठ 1308 सालचं. इथल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाबरोबर नवरा गुरुत्वीय लहरींवर काम करतो. पिसाजवळच्या काशिना गावात व्हर्गो नावाचं यंत्र आहे, तीन-तीन किलोमीटर लांब दोन भुजांचं. त्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीहूनही कितीतरी बारीक फरक पडला तर ते टिपतं. अशाच जातीचं यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात उभं राहायचं आहे. तर विश्वाची अशी थरथर मोजणारा हा शास्त्रज्ञ एकाच गोष्टीला घाबरतो: मानेला लागणारी वाऱ्याची झुळूक. इटलीतल्या म्हाताऱ्या माणसांचा या झुळकेवर फार विश्वास. मान धरली, पोट बिघडलं, दात ठणकला, सगळ्याला तीच कारण. नवऱ्याने हे शास्त्र पूर्ण आत्मसात केलंय. मे महिन्यात गळ्याला मफलर. बसमध्ये दोन खिडक्या समोरासमोर उघड्या दिसल्या की हा उतरून चालत येतो. पुरावा विचारला तर म्हणतो, "इथे सगळ्यांना माहीत आहे."

घर तापवायचं इथे सरकारी वेळापत्रक आहे. आमच्या भागात हीटिंग 15 ऑक्टोबरला सुरू होतं, 15 एप्रिलला बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात डोंगरावरून गार वारं सुटतं आणि आमची लेक पांघरुणात बसून गृहपाठ करते. तेव्हा हा मफलरमधून या कायद्यामागचा सुज्ञपणा समजावून सांगतो. खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा, ज्यांच्या कित्येक पिढ्या याच डोंगरावर गेल्या, त्या विजेची शेगडी लावून टीव्ही बघत असतात.

त्याची खरी कसोटी लागली ती माझा कोल्हापूरचा मामा आला तेव्हा. खालच्या बसतळावरून वर शहरात यायला सरकते जिने आहेत, ते एका गाडलेल्या मोहल्ल्यातून जातात. विटांच्या कमानी, अंधाऱ्या गल्ल्या, दारं, खिडक्या, सगळं डोक्यावर छप्पर घेऊन. नवऱ्याचं व्याख्यान पहिल्या जिन्याला सुरू झालं. पोप तिसरा पॉल याने मिठावरचा कर वाढवला. पेरुजिया भडकली. 1540 साली लढाई होऊन हरली. मग पोपने माजलेल्या बालियोनी घराण्याचे वाडे आणि आसपासच्या गल्ल्या खाली घालून त्यांच्या डोक्यावर रोका पाओलिना हा किल्ला चढवला. 1860 मध्ये इथली पोपची सत्ता गेली, तेव्हा लोकांनी तो किल्ला पाडायला घेतला. खालच्या गल्ल्या तेवढ्या राहिल्या आणि 1983 मध्ये त्यांतून हे जिने निघाले. हे सांगताना नवऱ्याचा आवाज असा कापत होता की जणू त्याच्याच आजोबांचा वाडा गेला.

मामाने मान वर करून कमानी पाहिल्या. "म्हणजे त्या पोपामुळं आपला चढ वाचला म्हणा की."

जेवायला बसलो. मामाने पावाचा तुकडा मोडला, चावला, थांबला.

"जावईबापू, ह्यात मीठ घालायचं इसरलं का काय?"

"विसरले नाहीत मामा. निषेध आहे तो."

"कशाचा?"

"1540 च्या कराचा."

मामा घोळवून घोळवून घास चावत राहिला. मग अगदी साधेपणाने विचारलं, "कर उठला कधी?"

नवऱ्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. खरं तर अळणी पाव त्या लढाईआधीही होता आणि बाकीची दंतकथा, असंच जाणकार म्हणतात. तोंडी लावायला इतकं खारवलेलं डुकराचं मांस आणि चीज असतं की पावात मीठ नसलेलंच बरं. पण हे मी जेवताना बोलत नाही. घरात शांतता लागते.

दुपारी तीनला आम्ही कोर्सो वान्नुच्चीवर फिरत होतो. हा इथला मुख्य रस्ता, पेरुजिनो या चित्रकाराच्या खऱ्या आडनावाचा. गावातली माणसं संध्याकाळी याच रस्त्यावर एका टोकापासून 1278 च्या कारंज्यापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारतात. नवराही मारतो, हात पाठीमागे बांधून. मामाने मध्येच एका कॅफेत शिरून खुणेने दूधवाली कॉफी मागितली. नवरा रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. आता गल्ल्यावरचा माणूस अपमान करणार, निदान भुवया तरी उंचावणार, अशी त्याची खात्री होती. त्या माणसाने फेसावर चॉकलेटचं बदाम काढून दिलं. मामाने ते बदाम निम्मं बशीत ओतलं आणि फुर्रकन ओढलं. कॅफेवाल्याने खुशीत येऊन दुसरी बशी पुढे केली.

शेजारच्या टेबलावर आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा कॅपुचिनोत बिस्कीट बुडवत बसल्या होत्या. नवऱ्याने घड्याळ पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "भूक लागली होती."

सिन्योरांचं आणि माझं छान जमतं, कारण आम्ही दोघी परंपरेबद्दल बोलत नाही, पिठाबद्दल बोलतो. इथे तोर्ता आल तेस्तो नावाची जाड भाकर करतात. तेस्तो म्हणजे जाड गोल तवा. पूर्वी मातीचा किंवा दगडाचा असे, आता बिडाचा मिळतो. तापला का ते बघायला सिन्योरा त्यावर चिमूटभर पीठ टाकतात. ते तांबूस झालं की तोर्ता टाकायची, जळलं की थांबायचं. मी पाण्याचा शिंतोडा मारते. एकमेकींची पद्धत बघून दोघींनी माना डोलावल्या. मग मी त्याच तव्यावर थालीपीठ लावलं. नवरा दारातूनच ओरडला, "तेस्तोवर थालीपीठ? त्यांना काय वाटेल!" त्यांना दुसरं थालीपीठ हवंसं वाटलं. त्यात सॉसेज आणि परतलेली पालेभाजी घालून, दुमडून त्यांनी ते उभ्याउभ्या खाल्लं.

लेक तर याच गावची झालीय. ती मैत्रिणींबरोबर पिझ्झा मागवते तो वर सॉसेजच्या चकत्या आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी पसरलेला. इटलीभरची पोरं हेच खातात. बापाने एकदा तिला गंभीरपणे सांगितलं, हा इटालियन पिझ्झाच नव्हे. ती अस्सल पेरुजियन हेलात म्हणाली, "बाबा, तुम्ही इथले नाही ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही."

आता त्याला पिसात काम मिळतंय, व्हर्गोच्या जवळ. मला वाटलं, हा माणूस उन्मळून पडणार. पहिले दोन दिवस त्याने वेशीचा दगड थोपटला, उसासे टाकले. तिसऱ्या दिवशी फोनवर पिसाच्या एका सहकाऱ्याला हलक्या आवाजात विचारताना ऐकलं, "आपलं वैर नेमकं कोणाशी?" लिव्होर्नोशी, हे उत्तर त्याने वहीत लिहून घेतलं. खाली फ्लॉरेन्स लिहिलं. टस्कनीतला पावही अळणीच, आणि तिकडची दंतकथा अशी की पिसाने फ्लॉरेन्सचं मीठ अडवलं म्हणून तो अळणी झाला. म्हणजे या खेपेला आम्ही मीठ अडवणाऱ्यांच्या बाजूचे.

रात्री जेवताना मी हे त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने पावाला ऑलिव्हचं तेल लावलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "फ्लॉरेन्सवाल्यांचंही काहीतरी चुकलंच असेल."