ऐच्छिक, पण शंभर टक्के

केंद्रीय शिक्षण खात्याने 2026-27 पासून तिसरीपासूनच्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचे जाहीर केले आहे. आठ वर्षांच्या मुलाला यंत्र कसा विचार करते हे कळणार, आनंद आहे. यंत्रणा कसा विचार करते हे त्याला आधीच ठाऊक असते. संगणकाच्या भागाची फारशी चिंता नको. काम पायऱ्यांत मांडणे, चुकलेली पायरी शोधून काढणे हे खडू आणि फरशीवरही शिकवता येते, वीज गेलेली असली तरी. आणि ती जातेच. अडचण आहे ती सोबत येणाऱ्या ऑनलाइन सुरक्षिततेची. त्या विषयातले पासवर्ड आणि सेटिंगा बाजूला केल्या की तळाशी एकच कौशल्य उरते, ते म्हणजे नाही म्हणणे. ओटीपी मागणाऱ्याला नाही, फोटो मागणाऱ्याला नाही, गोड बोलून शाळेचे नाव विचारणाऱ्याला नाही. आणि आपली प्राथमिक शाळा चालते तीच मुळी मुलाने गुरुजींना, गुरुजींनी केंद्रप्रमुखांना आणि केंद्रप्रमुखांनी वरच्या कोणालाही नाही म्हणू नये या बोलीवर.

याचा पुरावा सरकारी कागदांतच आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने फर्मावले की, शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढावी आणि ती मुलांची नावे व आधार क्रमांकांसह विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या ‘सरल’ प्रणालीवर चढवावी. मुलांची गळती रोखणे हा हेतू. म्हणजे वर्गात हजर असलेल्यांचे फोटो काढून गैरहजर असलेल्यांना आवर घालायचा. शिक्षक संघटनांनी विरोध केल्यावर हा बेत बारगळला. पुढे 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांचे पत्र मुलांच्या घरी पोचले आणि ते पत्र हातात धरून, आईवडिलांसह सेल्फी संकेतस्थळावर चढवण्याचे आवाहन झाले. मधल्या काळातली डिजिटल प्रगती ती हीच: पूर्वी गुरुजींनी करायचे काम आता मूल स्वावलंबनाने करते.

विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ ओळख क्रमांकाचे प्रकरण तर अभ्यासक्रमात धडा म्हणून घालावे इतके बोधप्रद आहे. तो ऐच्छिक आहे, त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि संमतीपत्रे गोळा करण्याचे उद्दिष्ट मात्र शाळांना नेमून दिलेले असते. ऐच्छिक गोष्टीचे उद्दिष्ट शंभर टक्के असणे ही गणितातील आपली खास भर. आधारचेही तसेच. शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितले. सक्ती कुठेच नाही. फक्त संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, आधार जुळलेलीच मुले धरायची म्हटल्यावर मुलाच्या आधारवर गुरुजींचे पद टिकणार की जाणार हे ठरते. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आधारचा फोटो आजच पाठवा, पालकांनी गांभीर्याने घ्यावे’ असा निरोप येतो, आणि तीसचाळीस घरांतली कागदपत्रे एकमेकांच्या गॅलरीत सुखाने नांदू लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर सायबर जागरूकतेचे पोस्टर येते, त्यावर 1930 हा मदत क्रमांक असतो. पालक दोन्हींना हात जोडतात.

यावर कोणी म्हणेल, नोंदी नकोत तर मग बोगस पटाचे काय? प्रश्न रास्त आहे. 2011 च्या पटपडताळणीत लाखो मुले कागदावर सापडली आणि वर्गात सापडली नाहीत. नोंद हवीच. पण नोंद ठेवणे वेगळे आणि ती ग्रुपवर फिरवणे वेगळे. हजेरीपट गुरुजींच्या टेबलावर असतो, चावडीवर टांगलेला नसतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेने उपक्रमांचे, वाढदिवसांचे, बक्षिसांचे फोटो फेसबुकवर टाकले नाहीत तर गाव मुले इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवते आणि देणगीदार फिरकत नाहीत. हे खरे आहे, आणि त्यात शिक्षकांचा दोष थोडा. तरी मुलाचे नाव, इयत्ता, गाव आणि जन्मतारीख एकाच केकवर लिहून जगाला दाखवल्याने पट वाढतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. चेहऱ्यांऐवजी मुलांनी काढलेली चित्रे टाकली तरी शाळा दिसते. पण चित्रात साहेब दिसत नाहीत, हीच खरी अडचण.

तिसरा युक्तिवाद असा की मुले मोठी झाली की आपोआप शिकतात. ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण पाहणीत 14 ते 16 वयोगटातल्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखादे प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येते असे सांगणारे मात्र सुमारे 62 टक्केच, आणि आपले प्रोफाइल खासगी करता येणारे त्याहूनही कमी. फोन चालवायला आपोआप येते. थांबवायला कोणीतरी शिकवावे लागते, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला कधीतरी थांबता आलेले असावे लागते.

तेव्हा विषय यावाच, परीक्षाही व्हावी. पहिला प्रश्न आम्ही सुचवतो: ‘वर्गशिक्षकांनी तुझा फोटो आणि आधार क्रमांक ग्रुपवर मागितला. तू काय करशील?’ पाच गुण. नमुना उत्तर काय छापायचे यासाठी मात्र आधी समिती नेमावी लागेल, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत सर्व मुलांनी या प्रश्नपत्रिकेसोबतचा आपला फोटो पोर्टलवर चढवावा.