ड्रॅगन रात्री साडेनऊला, गेट कट-ऑफ नऊ चाळीसला

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगतो, म्हणजे बाकीच्यांना पान उलटता येईल. वय तिशी ते पन्नाशी. मुक्काम उरण, द्रोणागिरी, उलवे, जासई. पोटापाण्याचा धंदा न्हावा शेवा बंदराला चिकटलेला: कोणी सीएचएच्या ऑफिसात बिल ऑफ एंट्री भरतो, कोणी सीएफएसमध्ये सर्व्हेअर, कोणी आरटीजी क्रेनच्या केबिनमध्ये. लहानपणी 'चांदोबा' वाचलेला. अलीकडे पुतण्याच्या मोबाइलवर पाच-सहा धडधाकट माणसं टेबलाभोवती बसून तीन-तीन तास एका चेटकिणीशी हुज्जत घालताना पाहिली. आपणही हे करावं असं वाटलं, आणि लगेच पुढच्या आठवड्याची पाळी आठवली. असा माणूस आपला.

खेळ समजायला दहा मिनिटं पुरतात. एकजण सूत्रधार. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: योद्धा, चोर, जादूगार, वैद्य. सूत्रधार सांगतो, समोर दरी आहे, साकव कुजलाय, काय करता? तुम्ही म्हणता, उडी मारतो. तो एक आकडा धरतो, समजा १५. तुम्ही वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचे गुण मिळवायचे. बेरीज १५ किंवा वर गेली तर पलीकडे, नाहीतर खाली. बाकी शेकडो पानांचे नियम म्हणजे याचीच पोटकलमं. कस्टम्सच्या अधिसूचना रोज वाचणाऱ्याने त्यांना घाबरू नये.

हा उद्योग गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने बाजारात आणला. पहिल्या खेपेला एक हजार खोकी. तेव्हा शेव्याला बंदर नव्हतं, मिठागरं आणि भातखाचरं होती. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. म्हणजे खेळ बंदराहून पंधरा वर्षांनी थोरला. 'या वयात पोरखेळ कसले?' म्हणणाऱ्या काकांना एवढं ऐकवायला हरकत नाही.

लाज वाटेल. चाळिशीच्या माणसाने "मी, अंधारवनाचा धनुर्धर" असं म्हणायचं आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई मालिका बघतायत. यावर उपाय आपल्या किनाऱ्यावरच आहे. खाली सिंधुदुर्गात दशावतारी नट दिवसा शेतात राबून रात्री राजा होतात, आणि संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलं की रंगमंचावर जे सुचेल ते. तिथे कोणी लाजत नाही, उलट गाव रात्रभर जागतं. तुम्हाला तर फक्त चौघांपुढे बोलायचंय, तेही कॅमेरा बंद करून.

साहित्य. एक मोबाइल, एक हेडफोन, दार बंद होणारी एक खोली. यातली तिसरी वस्तू सर्वांत दुर्मीळ, म्हणून काही अनुभवी मंडळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून खेळतात. नियम विकत घेऊ नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहेत. बोलायला डिस्कॉर्ड, नकाशा आणि फाशांना रोल-ट्वेंटी, तेही फुकटात भागतं. रंगीत फाशांचा संच मात्र तुम्ही ऑनलाइन मागवालच. सगळेच मागवतात. तो आला की मुलं त्यातला चार बाजूंचा फासा हरवतात आणि तो रात्री दोन वाजता अनवाणी पायाला सापडतो.

"प्रत्यक्षच भेटू की, आता अटल सेतू झालाय," असं म्हणणारा एक उत्साही प्रत्येक गटात निघतो. सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, खरं आहे. पण सेतू खुला झाला तेव्हा मोटारीला एका बाजूचा टोल २५० रुपये होता. तेवढे भरून एक गोब्लिन मारायला शिवडीला जायचं आणि पुन्हा टोल भरून परतायचं, हे गणित बसत नाही. वर्षातून एकदा भेटा, तेही जेवायला.

आता वेळ ठरवणे. इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेक गट ड्रॅगनपर्यंत पोचतच नाहीत, व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये मरतात. "कोणता वार चालेल?" असा पोल पडतो. क्रेनवाल्याला या आठवड्यात तिसरी पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी. शिक्षिका मैत्रिणीला दहावीचे पेपर तपासायचेत. एक मित्र जेबेल अलीला, आपल्यामागे दीड तास, म्हणजे आपली जेवणं झाली की त्याची ऑफिसातून सुटका. आणखी एक जहाजावर थर्ड ऑफिसर, तो उत्तर देतो, "बर्थ मिळाला की सांगतो." पाच जणांची पाच वारांना बोटं. मग नवा पोल. मग कोणीतरी गणपतीनंतर बघू म्हणतं. गणपतीनंतर पितृपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळीची खरेदी, मग लग्नसराई. योद्धा दरीच्या काठावर उभा राहून म्हातारा होतो.

पोल टाकू नका. दिवसभर जे करता तेच करा. निर्यातीचा कंटेनर गेट कट-ऑफच्या आत आला तर चढतो, उशिरा आला तर शट आऊट, पुढच्या जहाजाने जातो. जहाज एका खोक्यासाठी थांबत नाही, आणि खोक्याला त्याचा रागही येत नाही. तसंच: एक आड एक शुक्रवार, रात्री साडेनऊ. गेट कट-ऑफ नऊ चाळीस. तोवर तिघं आले तर खेळ सुरू. राहिलेल्याचं पात्र पुढच्या जहाजाने. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही, डेमरेज लावायचं नाही. साडेअकराला बंद, राक्षसाच्या गळ्यावर तलवार टेकलेली असली तरी. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असते.

यात गोष्टीचं काय, हा प्रश्न रास्त आहे. मागच्या वेळी भुयारात असलेला वैद्य आज एकदम गायब कसा? याचं उत्तर बेन रॉबिन्स नावाच्या अमेरिकन सूत्रधाराने 'वेस्ट मार्चेस' या त्याच्या खेळात देऊन ठेवलंय. तिथे ठरलेला गट नाही, जे जमतील ते जातात, आणि प्रत्येक मोहीम गावातून निघून त्याच रात्री गावात परत येते. आपण गावाऐवजी मोरा बंदराचा धक्का धरावा. जे आले ते लाँचमध्ये बसले, जे नाही आले ते धक्क्यावर चहा पीत राहिले. परत आल्यावर एकाने चार ओळींचा वृत्तांत गटावर टाकायचा. थर्ड ऑफिसर तो मलाक्काच्या सामुद्रधुनीत वाचतो आणि आपला डाव मजकुरातून पाठवतो. चालतं.

जागेसाठी परदेशी किल्ले धुंडाळू नका. समोर घारापुरी आहे: कोरीव लेणी, डोंगरावर जुन्या तोफा, आणि २०१८ साली समुद्राखालून केबल येईपर्यंत जनरेटरवर दिवे लावणारं गाव. उरणच्या पाठीशी द्रोणागिरी, हनुमंताच्या हातून निसटलेला पर्वताचा तुकडा म्हणतात तो. संजीवनी कुठे मिळेल हा प्रश्न सुटला. आणि मोहीम तर तयारच आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्ती इंग्रजांनी १८६४ साली विलायतेला न्यायला काढला. उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे जोडले गेले. आज तो भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. त्याला घरी आणायचं. आपला क्रेनवाला हे ऐकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "सेफ वर्किंग लोड किती होता? लिफ्ट प्लॅन कोणी सही केलेला?" समजा की तो खेळात शिरला.

प्रत्यक्ष खेळ कसा चालतो याचा मासला. लेण्याच्या दारात सूत्रधाराने गोब्लिनांचा पहारा बसवलाय. दोन तासांची लढाई आखली, नकाशा काढला. पहारेकरी गुरगुरतो, "परवाना?" आणि सीएचएवाला, ज्याचं पात्र कागदावर चोर आहे, घसा साफ करतो.

"साहेब, परवाना कालच सबमिट केलाय. तुमच्याकडे क्वेरी पेंडिंग दिसतेय."

"कसली क्वेरी?"

"हत्तीचं वर्गीकरण. मूर्ती की इमारतीचा दगड? तोवर माल तुमच्या दारात पडून राहणार. ग्राउंड रेंट कोण भरणार, सांगा."

सूत्रधार सांगतो, १८ हवेत. फासा पडतो १६, वर वाक्‌चातुर्याचे ५. गोब्लिन आउट ऑफ चार्जचा शिक्का मारतो. लढाई नाही, रक्त नाही, आणि सूत्रधाराची तीन रात्रींची मेहनत पाण्यात. अशा वेळी त्याने हट्टाने लढाई लादू नये. मंडळी हसतायत ना? मग झालं.

पथ्यं थोडी. कुकरची शिटी झाली तर माइक आधी बंद करा, मग धावा. मूल खोलीत आलं तर त्याच्याकडून फासा टाकून घ्या, त्याचे विसाचे विसही पडतात. नियमावरून वाद झाला तर सूत्रधार म्हणेल ते त्या रात्रीपुरतं खरं, पुस्तक दुसऱ्या दिवशी बघा. पगार, पाळी आणि साहेब हे विषय नऊ चाळीसपर्यंतच. ऑफिसच्या प्रिंटरवर पात्राचा तक्ता छापताना तो परत आणायला विसरू नका.

शेवटचं, सूत्रधाराबद्दल. खेळाडू दोन तास देतो. सूत्रधार ते दोन तास देतो, शिवाय लोकलमध्ये बसून नकाशे काढतो, आणि कट-ऑफला कोणीच आलं नाही तर एकटाच गेट बंद करतो. त्यालाही नोकरी आहे. दर चार-सहा महिन्यांनी त्याच्या हातातून सूत्रं काढून घ्या, त्याला एक साधा योद्धा द्या, आणि त्या शुक्रवारी गोष्ट तुम्ही सांगा.