जीपला दम हवा

रामाकोन्यात कुणाच्या अंगणात जुनी डिझेल जीप उभी असली की ती त्या घरापुरती राहत नाही. तिच्याविषयी मत देण्याचा हक्क आपोआप सगळ्या गावाला मिळतो. आमच्या जीपने सिल्लेवानीच्या घाटात धाप टाकायला सुरुवात केली आणि ज्या माणसांनी कधी माझ्या तब्येतीची चौकशी केली नव्हती, तीही थांबून तिच्या तब्येतीची चौकशी करू लागली. "गाडीले दम पायजे ना जी!" हे सगळ्यांचे निदान एक. औषधावर मात्र दोन तट पडले. एक म्हणतो टर्बो बसवा, दुसरा म्हणतो इंजिनच बदला.

टर्बोच्या तटाचा पुढारी माझा भाचा. तो सौंसरला राहतो, मोबाइलवर जगभरच्या गॅरेजा बघतो आणि आम्हाला त्यातले सार सांगतो. इंजिनाच्या तटाचे पुढारी आमचे मिस्त्री. ते मोबाइल बघत नाहीत. बोनेट उघडतात, कान लावतात आणि खर्च सांगतात. घरात तिसरा तटही आहे. त्याचे म्हणणे, "अहो, गाडीच बदला." पण त्या तटाला मताधिकार दिला तर चर्चाच संपेल, म्हणून तो विषय मी पटलावर येऊ दिलेला नाही.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. तिच्या पोटात पेज्यो या फ्रेंच कंपनीच्या घराण्यातले इंजिन आहे, नाव एक्सडीपी ४.९०. यातले ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९० म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. २११२ सीसी, साधारण साठ घोडे. संत्र्याच्या कॅरेट लादून, वर चार माणसे बसवून घाट चढायचा तर यातले बरेचसे घोडे डावीकडच्या झाडांची सावली शोधू लागतात.

"मूळ इंजिनाला हात लावू नका" असे सांगणारे एक वयस्कर काका आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण या गाडीत मूळ म्हणायचे कशाला? अंग अमेरिकन विलीजचे. महिंद्राने त्या जीपा मुंबईत जुळवायला घेतल्या तेव्हा आत पेट्रोलचे इंजिन होते. मग डिझेल स्वस्त पडते म्हणून कंपनीने तिथे इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर-घराण्यातले डिझेल इंजिन बसवले, आणि पुढे पेज्योचे आले. म्हणजे इंजिन बदलण्याचा उद्योग मिस्त्रींच्या आधी कारखान्यानेच करून ठेवला आहे. मध्य प्रदेशातल्या आमच्या भागाला तर याचे नवल वाटूच नये. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. २०२३ पर्यंत जिल्हा छिंदवाडा होता, मग पांढुर्णा झाला. भाषा, बगीचे आणि भांडणे मात्र जागच्या जागी आहेत.

भाच्याचे टर्बोपुराण ऐकण्यासारखे असते. "मामाजी, सायलेन्सरमधून जो धूर फुकट जाते ना, त्याच्यावरच चक्री फिरते." हे खरे आहे. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच या कल्पनेचे पेटंट घेतले. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जुने झाले किंवा घाट चढून आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद केले, तर त्याचा जीव कासावीस होतो. थांबल्यावर मिनिटभर इंजिन सुरू ठेवायचे असते. रामाकोन्यात डिझेलचे पैसे खिशातून देणारा कोणता माणूस उभी गाडी मिनिटभर चालू ठेवेल, हे भाच्याने सांगितलेले नाही.

खरी अडचण वेगळी आहे. जुने डिझेल इंजिन हवा मुळातच फार दाबते. त्यात आणखी दाबलेली हवा आली की उष्णता वाढते, आणि ती उष्णता पिस्टनच्या माथ्यावर आणि हेड गॅस्केटवर येते. हे होऊ शकत नाही असे नाही. १९७८ मध्ये मर्सिडीजने ३०० एसडी ही मोटार काढली, कारखान्यातून टर्बो-डिझेल होऊन विकली गेलेली ती पहिली मोटार. पुढच्याच वर्षी पेज्योने ६०४ या गाडीत आमच्या जीपच्याच भाऊबंदातल्या इंजिनाला टर्बो बसवला. हे कळल्यावर भाचा दोन दिवस छाती काढून फिरला. पण मर्सिडीजने टर्बोबरोबर पिस्टनच्या पोटाशी थंड तेलाची पिचकारी ठेवली, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हमध्ये उष्णता वाहून नेणारे सोडियम भरले. भाच्याच्या यादीत टर्बो होता, इंटरकूलर होता, चकचकीत पाइप होते. पिचकारी कुठेच नव्हती.

मिस्त्रींचे म्हणणे सोपे. "इंजिन काढाले दोन घंटे, बसवाले दोन घंटे. कायले टेन्शन घेता भाऊ?" काढायला दोन तास लागतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. बसवण्याचे दोन तास मात्र फार लांबतात, हे मी लोकांच्या अंगणात बघितले आहे. नव्या इंजिनाचा तोंडवळा जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही, मग लेथवाल्याकडून मधली प्लेट करून आणायची. फाउंडेशन वेगळे. फोर-व्हील गाडीत पुढचा एक्सल इंजिनाच्या खालून जातो, म्हणून ऑइल चेंबर त्याला टेकते. मग चेंबर कापा, नाहीतर इंजिन उचला. इंजिन उचलले की बोनेट लागत नाही. रेडिएटर लहान पडतो. आणि इंजिन आजकालचे कॉमन रेलचे असेल तर त्याचा मेंदू, म्हणजे तो कॉम्प्युटर, वायरींचा गुंताडा आणि सेन्सर, सगळे वऱ्हाड सोबत येते. त्यांतला एक नाराज झाला तरी नवरदेव मांडवात यायला तयार नसतो.

त्यातून कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदलले तर नोंदणी कार्यालयाची संमती हवी आणि बदल केल्यावर चौदा दिवसांत आरसी पुस्तकात नोंद करून घ्यायची. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ कडक लावला: कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नको. आमची पंचाईत अशी की सामान नागपूरला मिळते, मिस्त्री गावात मिळतात आणि गाडीचा नंबर छिंदवाड्याचा आहे. इंजिन महाराष्ट्रातून, परवानगी मध्य प्रदेशातून, आणि सीमेवर विचारणारा कोणत्या भाषेत विचारील ते त्याच्या मूडवर.

एवढी चर्चा ऐकून मी विचार केला, ज्यांच्याकडे इंजिनिअर आहेत, कारखाना आहे, पैसा आहे, त्यांनी काय केले? उत्तर पुण्यात सापडले. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचे, म्हणजे जुन्या बजाज टेम्पोचे, ट्रॅक्स आपल्याकडे सगळ्यांनी बघितले आहे. लग्नाची वऱ्हाडे आणि शाळेची पोरे त्यातूनच वाहिली गेली. त्यात मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाचा वंश. मर्सिडीजने हे इंजिन सत्तरच्या दशकात २४० डी या मोटारीत घातले होते, आणि जर्मनीत टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर हाकले. या कंपनीची गुरखा नावाची फोर-व्हील गाडी आहे. २०१३ च्या गुरखात कंपनीने भाच्याचा मार्ग धरला: त्याच जुन्या घराण्याचे २.६ लिटरचे इंजिन आणि त्याला टर्बो. ऐंशीच्या आसपास घोडे. लोक म्हणाले, गाडी डोंगर चढते, पण हायवेला झोप येते.

मग कंपनीने मिस्त्रींचा मार्ग धरला. गुरखा एक्स्ट्रीममध्ये मर्सिडीजच्याच ओएम ६११ घराण्याचे २.२ लिटरचे इंजिन आले, १४० अश्वशक्तीचे. मिस्त्री हे ऐकून माझ्याकडे असे बघू लागले की जणू आकुर्डीवाल्यांनी त्यांनाच विचारून ठरवले. पण गोष्ट इथे थांबत नाही. २०२१ मध्ये नवी गुरखा आली तेव्हा आत पुन्हा २.६ लिटरचे जुनेच इंजिन, कॉमन रेल आणि टर्बोसकट, ९१ अश्वशक्तीचे. आणि २०२४ मध्ये त्याच २.६ लिटरमधून कंपनीने पुन्हा १४० अश्वशक्ती काढली. जेवढे घोडे इंजिन बदलून मिळाले होते, तेवढेच इंजिन न बदलता मिळाले. आधी टर्बो, मग बदल, मग परत घरी, मग घरच्यालाच मजबूत केले. आमच्या गावातल्या एका जीपवर एवढी कोलांटउडी झाली असती तर लोकांनी मला नावे ठेवली असती. ते कारखान्यात झाले, म्हणून त्याला नवे मॉडेल म्हणतात.

हे ऐकवल्यावर दोन्ही तट एकदम म्हणाले, "बघा, आमचंच बरोबर निघालं!"

उलट उदाहरण रामाकोन्याच्या स्टेशनावर आहे. आमची नागपूर-छिंदवाडा गाडी नॅरोगेज होती, दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर. तिच्या चालीवर अनेक विनोद होते; चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचून पुन्हा चढणाऱ्या माणसाची गोष्ट प्रत्येक घरी वेगळ्या आजोबांच्या नावावर आहे. तिला कुणी टर्बो बसवू म्हणाले नाही. २०१५ मध्ये ती बंद करून ब्रॉडगेज घालायला घेतली: रूळ, पूल, वळणे, इंजिन, डबे, सगळेच. भंडारकुंड-भिमालगोंदी हा घाटातला टप्पा सगळ्यात शेवटी झाला आणि तोवर आम्ही बसने धक्के खाल्ले. इंजिन मोठे करायचे तर रस्ताच मोठा करावा लागतो, हे रेल्वेला माहीत होते. मिस्त्रींच्या हिशेबात मात्र जीपचे गिअरबॉक्स, एक्सल आणि ड्रम ब्रेक तसेच राहणार होते. १४० घोडे पुढे आणि साठ घोड्यांचे ब्रेक मागे. भिमालगोंदीचा उतार मला माहीत आहे. मी नमस्कार करून सांगितले, नको.

मग मी जीपचे काम नेमके काय आहे, हे कागदावर लिहून काढले. पावसाळ्यात काळ्या मातीतून बगीच्यात जायचे. अंबिया बहाराच्या वेळी कॅरेट बाहेर काढायच्या. कधीमधी घाट. नागपूरला जायचे तर आता रेल्वे आहे. काळ्या मातीत इंजिन इतके सावकाश फिरते की टर्बोला जाग येत नाही. त्याला फिरवायला धुराचा जोर लागतो आणि चिखलात तो नसतो. तिथे कामाला येते ती गिअरची दुसरी दांडी. फोर-व्हीलचा लो गिअर टाकला की चाकावरचा जोर अडीच पटीच्या आसपास जातो. हा टर्बो गाडीबरोबरच आला आहे, त्याला कलम ५२ लागत नाही. तरुण पोरे ती दांडी वापरतच नाहीत, कारण लोमध्ये गाडी हळू चालते आणि हळू चालताना कुणी बघितले तर काय म्हणेल!

तेव्हा माझा कौल असा. तुमच्याकडे अशी जुनी डिझेल फोर-व्हील असेल तर आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि पंप-नोझल पंपवाल्याकडे दाखवा. निम्मा दम बहुतेक तिथेच हरवलेला असतो. कॉम्प्रेशन गेले असेल तर त्याच जातीच्या इंजिनाचे काम करून घ्या. इंजिन निरोगी असेल आणि रोज घाट असेल तर टर्बो बसवा, पण कमी दाबाचा, एक्झॉस्टच्या उष्णतेचे मीटर लावून, आणि कागद करून. दुसरे इंजिन घालायचेच असेल तर ब्रेक आणि आरटीओ ही दोन्ही कामे इंजिनाच्या आधी उरका. आमच्या जीपला सध्या नवे नोझल आणि नवे ब्रेक लायनर लागले आहेत. भाचा आणि मिस्त्री दोघेही माझ्याशी बोलत नाहीत.