भांड्याच्या बुडाशी

आमच्या घरात एक गैरसमज अठ्ठावीस वर्षं टिकून आहे. मी म्हणे सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खाते. सासूबाई पाहुण्यांपुढे याचं कौतुक करायला लागल्या की मी मान खाली घालते. लाजून नव्हे, हसू लपवायला.

पैनगंगा भरून वाहायला लागली की आमच्या ह्यांना सहस्रकुंडचा धबधबा बघायचा असतो. मला वरणफळं करायची असतात. धबधबा काय, तिथंच राहणार आहे. वरणफळं मात्र दहा मिनिटांत गिच्च गोळा होतात. तुरीचं वरण, चिंच, गूळ, काळं तिखट. उकळी आली की लाटलेल्या कणकेचे चौकोन एकेक करून सोडायचे. मग गॅस बारीक करायचा आणि विसरून जायचं. हे विसरणं मला आईनं शिकवलं. तेवढ्यात पातेल्याच्या बुडाशी लालसर खरवड धरते. वरची पातळ, सभ्य वरणफळं मी सगळ्यांना वाढते, तूप सोडते, आग्रहही करते. पातेलं "घासायला टाकते" म्हणून आत नेते. त्या खरवडीवर कच्चं तेल आणि लसणाची चटणी घेऊन ओट्याशी उभ्यानं खाल्लेला घास ताटात कधीच तसा लागत नाही.

"काय करायलीस गं आत एवढा वेळ?" सासूबाई विचारतात.

"काही नाही आई, पातेलं लागलंय."

यात खोटं काहीच नाही.

श्रावणातली कण्या घातलेली अंबाडीची भाजी अशीच. ती कढईला चिकटल्याशिवाय मी उतरवत नाही. सीमेपलीकडं आदिलाबादला हिचीच गोंगुरा होते आणि लोणच्याच्या बरणीत जाऊन बसते. कढईला चिकटायचं सुख तिथं तिला नाही.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, तिथं जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. सुट्टी शेतातल्या पूजेसाठी असते असं लोक म्हणतात. मी भज्जी खाल्लेली आहे, त्यामुळं खरं कारण मला ठाऊक आहे. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाटाणा, मेथी, रानात जे जे हिरवं सापडेल ते, वर हरभऱ्याचं पीठ. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. लग्नानंतरच्या पहिल्याच येळवशीला मी सासरी, किनवटला, भज्जी जाहीर केली. घरचे सगळे कांदाभज्यांच्या तयारीनं, चहा घेऊन बसले.

"भजी म्हणालीस आन् कालवण केलंस?" सासूबाईंनी विचारलं ते आजही कानात आहे.

त्या दिवशी भज्जी बरीच उरली. भज्जी रात्रभर मुरली की दुसऱ्या दिवशी तिला तोड नसते, हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

उन्हाळ्याबद्दल फार बोलत नाही. ज्या तालुक्यात उनकेश्वरला जमिनीतूनच गरम पाणी वर येतं, तिथं मे महिन्याला आणखी काय सिद्ध करायचं असतं कोण जाणे. मी पन्हं करते, ग्लास भरून बाहेर पाठवते आणि उकडलेल्या कैऱ्यांच्या कोयी आत चोखत बसते. एका चैत्रात मात्र हौस आली. इथल्या जंगलात पहाटे मोहाची फुलं गळतात, बाया ती वेचून वाळवतात. तसली वाळकी फुलं आणून, भाजून, तीळ घालून लाडू वळले. वासावर गल्लीतले दोघं तब्येतीची चौकशी करून गेले. तिसऱ्यानं घरून ग्लास आणला होता. लाडू बघून तो जे बोलला, ते इथं लिहीत नाही.

यंदा आमचे हे निवृत्त झाले. स्वयंपाकघरात हातभार लावायचा म्हणाले. पहिल्याच पावसात, वरणफळांच्या दिवशी, "पातेलं मी घासतो, तू बस" म्हणून आत गेले. माझा जीव वरखाली. दहा मिनिटं झाली तरी नळाचा आवाज नाही. डोकावले, तर महाराज ओट्याशी उभे, हातात उलथनं, मिशीला काळं तिखट.

"लागलंय गं पातेलं," ते म्हणाले.

आता पातेलं घासायच्या पाळ्या ठरल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. बाकीचे त्यांचे, रविवारसुद्धा. वरणफळं मी मंगळवारी करत नाही.